चार खाचा, तीन खाचा

१

सोमवारी सकाळी आठ वाजता टॅलमन काउंटीच्या कचेरीतली दप्तराची कोठडी उघडली, तेव्हा म्हातारा दप्तरदार ॲम्ब्रोज टटल आतून दाराला पाठ टेकून बसला होता. लोखंडी दार ओढल्याबरोबर तो मागे कलंडला आणि त्याचं गार पडलेलं डोकं शेरीफ ओटिस क्रॅबच्या बुटांवर येऊन टेकलं. शेरीफने पाय मागे घेतला नाही. थोरा राव्हनने ते मनात टिपून ठेवलं, कारण टिपून ठेवणं हाच तिचा धंदा होता.

थोरा बावन्न वर्षांची. नवरा गेल्यापासून, म्हणजे सत्तावीस वर्षं, ती कचेरीसमोरच्या दोन खोल्यांत बसून जमिनींचे उतारे काढून देत असे. कोणता गट कोणाकडून कोणाकडे गेला आणि वाटेत कुठे खोट राहिली, हे तिला विचारल्याशिवाय मॅबन गावात कोणी साधा गोठाही विकत घेत नसे. दर सोमवारी आठच्या ठोक्याला ती नवे दस्त उतरवून घ्यायला कचेरीत येई. आजही ती हातात दौत घेऊनच उभी होती.

कोठडी विटांची, खिडकी नसलेली. आगीतही आतला कागद पिवळा पडायचा नाही, असं बांधणाऱ्याने सांगितलं होतं आणि ते खरंच असावं, कारण तिथे हवाही आत जात नव्हती. दाराच्या आतल्या अंगाचा हिरवा रंग छातीच्या उंचीपर्यंत खरवडलेला होता.

"शनिवारी दुपारी कोंडला गेला," शेरीफ म्हणाला. "म्हणजे तो आत बसून होता आणि बाहेर चौकात आपला बँड वाजत होता."

 शनिवारच्या सभेला सगळं गाव चौकात जमलं होतं. मंगळवारी, म्हणजे उद्याच, काउंटीचं ठाणं, म्हणजे तिच्या कोर्टकचेऱ्या, मॅबनमध्येच राहावं की रेल्वेवरच्या आल्डर गावी जावं, यावर मतदान होतं. बँड चांगला दोन तास वाजला होता. थोरानेही टाळ्या वाजवल्या होत्या.

टटलच्या मांडीवर गटांच्या नकाशांचं मोठं बुक होतं. शाई खरवडायची त्याची छोटी सुरी बोटांत तशीच होती. बुकाच्या चामडी पुठ्ठ्यावर त्याने खाचा पाडल्या होत्या. खालच्या कडेला चार, उजव्या कडेला तीन.

"तास मोजत असेल बिचारा," शेरीफ म्हणाला.

"आधी चार मोजले आणि मग तीन?" थोराने विचारलं.

"अंधारात माणूस काय करेल याचा उतारा तुमच्याकडे मिळतो का, मिसेस राव्हन?"

फळीवर एका बुकाच्या जाडीएवढी फट होती, आणि तिथे धूळ नव्हती. काउंटीच्या मोजणीचं मूळ बुक तिथे असायचं. पस्तीस वर्षांत ते कोणी मागितलं नव्हतं. थोरा तोंड उघडणार, तोच जिन्यावरून तिचा धाकटा भाऊ विगो वर आला. कचेरीचा झाडूवाला. त्याने खाली पाहिलं, आणि त्याला कोणी काहीच विचारलेलं नसताना म्हणाला, "कुलपाची चकती मी फिरवली होती."

२

विगोला कचेरीच्या तळघरातल्या कोठडीत टाकलं. मळणीयंत्रावर वीस वर्षं काढल्यामुळे त्याला ऐकू फारसं येत नसे, म्हणून थोराला गजांतून ओरडून विचारावं लागलं, आणि त्यामुळे ती दोघं काय बोलतात हे बाहेरच्या पहारेकऱ्यालाही फुकटात कळलं.

"दार लोटलेलं होतं," विगो म्हणाला. "दर शनिवारी मी चकती फिरवतो, तशीच फिरवली. आत कोण असेल असं मला का वाटावं? खुंटीवर टोपी नव्हती."

"टोपी नव्हती, हे नक्की?"

"थोरा, मी मठ्ठ आहे, आंधळा नाही. टटलची टोपी खुंटीवर असली की टटल कचेरीत, नसली की घरी. अकरा वर्षं मी त्या टोपीला विचारून कचेरी बंद करतोय." मग तो हळू बोलला, म्हणजे इतरांच्या मानाने मोठ्याने. "त्याने दार ठोकलं असेल ना? मी पलीकडेच झाडत होतो. मला काहीच ऐकू आलं नाही."

थोराने गजांतून हात घालून त्याची बाही धरली. लहानपणी डेन्मार्कहून येताना बोटीवर ती त्याला असंच धरून बसली होती.

बाहेर येऊन पाहते तो चौकात माणसं जमू लागली होती. नेहमीचीच माणसं, नावानिशी माहीत असलेली. लोहार, दाणेवाला, चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसणारे दोघे भाऊ. कोणी ओरडत नव्हतं. शिवी नाही, दगड नाही. नुसती उभी होती, टोप्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून एका हाताने धरून, आणि तळघराच्या खिडकीकडे पाहत होती. तिने मान लववली तर एकानेही उलट मान लववली नाही.

शेरीफ पायरीवर उभा होता. "तुमच्या भावाला चार वाजता आल्डरच्या तुरुंगात हलवतोय. इथे मला त्याची हमी देता येत नाही."

"बरोबर किती माणसं?"

"एक. बाकीची मला उद्याच्या मतदानाला लागतील."

"आणि गाडी?"

"उघडी. बंद गाडी कुठून आणू?"

आल्डरचा रस्ता ओढ्यावरून जातो, आणि ओढ्याकाठी त्या साऱ्या सपाट मुलखातली, फासाचा दोर पेलतील अशी, दोनच मोठी झाडं आहेत. थोराने कचेरीच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा वाजले होते.

"मी टटलचं घर तपासून आलो," शेरीफ सहज म्हणाला. "टोपी घरच्या खुंटीवर आहे. म्हणजे दुपारी तो घरी गेला, मग परत आला, आणि तुमच्या भावाने त्याला आत घेऊन दार लावलं. गेल्या आठवड्यात शेगडीच्या राखेवरून दोघांचं वाजलंच होतं."

"परत आला, तो बोडका? या वाऱ्यात?"

शेरीफने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुम्ही घरी जा, मिसेस राव्हन. आज बायकांनी बाहेर फिरायचा दिवस नाही."

३

थोरा घरी गेली नाही. ती टटलच्या टेबलापाशी गेली, आणि तिथे जज वॉरन मॅबन आधीच बसलेले होते. गाव ज्याच्या नावाचं, त्या एझ्रा मॅबनचे हे चिरंजीव. छाती पुढे काढूनच त्यांचा जन्म झाला असावा. भिंतीवर त्यांच्या वडिलांची तसबीर होती. पायाशी मोजणीची साखळी, हात लांब क्षितिजाकडे.

"म्हातारा अलीकडे भ्रमिष्ट झाला होता," जज म्हणाले. "तो नकाशा बघा. उलटा टांगलाय."

टेबलामागे गटांचा एक नवा नकाशा टाचलेला होता. शेजारच्या पाकिटावर जुलैचा शिक्का आणि विनिपेगचं तिकीट, उत्तरेच्या सरहद्दीपलीकडचं, राणीच्या मुलखातलं. थोराने पाहिलं. एरवी एक नंबरचा गट वरच्या उजव्या कोपऱ्यात असतो. तिथून आकडे डावीकडे सहापर्यंत जातात, मग खाली उतरून उजवीकडे परत फिरतात. नांगराचं तास वळत वळत खाली येतं तसं. या नकाशात एक खालच्या कोपऱ्यात होता आणि छत्तीस वर. पण नावांची अक्षरं मात्र सुलटी होती.

"अक्षरं सरळ आहेत, जज."

"मग छापणारा भ्रमिष्ट." त्यांना नकाशात रस नव्हता. "उद्या आपण हरलो तर या इमारतीत उंदीर राहतील. माझं नवं घर बघितलंत ना तुम्ही? दगडी. आल्डरच्या कोपऱ्यावर कोळशाच्या धुरात बांधू का मी आता? बाबांनी जिथे दगड रोवला तिथे ठाणं आहे आणि तिथेच राहील."

त्या दगडाची गोष्ट गावातल्या प्रत्येक मुलाला पाठ होती. अठराशे त्र्याहत्तर साली एझ्रा मॅबन उत्तरेकडून, रेड नदीपलीकडून, दोन वर्षं मोजणीची साखळी ओढून परत आला. इथल्या गवतात त्याला एक दगड सापडला. त्याने त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, इथे. पहिल्या हिवाळ्याला चार कुटुंबं सामोरी गेली म्हणून दगडावर चार खाचा, तीन माणसं गोठून मेली म्हणून तीन. दर स्थापनादिनाला मुलं त्या खाचांत फुलं खोचत.

थोरा खुर्चीच्या पाठीचा दांडा धरून उभी राहिली.

चार आणि तीन.

गेल्याच गुरुवारी टटल तिच्या दारात येऊन टोपी फिरवत म्हणाला होता, "थोरा, तू त्या दगडावरच्या खाचा कधी मोजल्यास का गं?" आणि ती हसून म्हणाली होती, "माझे कागद मोजून संपले की बघते."

४

दगडाकडे जायला कचेरीतून बाहेर पडून चौकातूनच जावं लागे. माणसं आता शंभरावर गेली होती. तिला वाट मिळाली, पण प्रत्येकाने जेवढं सरकायला हवं त्यापेक्षा थोडंसं कमी सरकून.

मध्येच तिची बाही कोणीतरी ओढली. आल्डरच्या वर्तमानपत्राचा संपादक फेल्प्स. आज या गावात त्याला पाणीसुद्धा कोणी दिलं नसतं.

"मीही यांच्या यादीत आहे, बाई," तो ओठ न हलवता बोलला. "सगळे म्हणतायत, आल्डरवाल्यांनीच करवून घेतलं. पण मला टटल जिवंत हवा होता. हे बघा."

टटलच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी होती. *सोमवारी येतो. ऐकल्यावर ठाण्याचा वाद उरणार नाही, आणि कदाचित माझं गावही. आधी एका माणसाला शनिवारपर्यंतची मुदत दिली आहे.*

"कोणाला मुदत?"

"ते लिहिलं असतं तर मी इथे उभा असतो का? घरी बसून छापलं नसतं?"

"हे शेरीफला दाखवलंत?"

"दाखवणार होतो," फेल्प्स म्हणाला. "पण तो गाडी जोडायला सांगत होता, आणि दोर कोणता घ्यायचा ते बघत होता. सामान बांधायला, म्हणे."

५

दगड कचेरीच्या अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात होता, गुडघ्याएवढा. तोच एझ्रा मॅबनच्या जमिनीचाही ईशान्य कोपरा. थोराने सुकलेली फुलं बाजूला केली. दक्षिणेच्या कडेला चार खाचा. पूर्वेच्या कडेला तीन. टटलच्या बुकाच्या पुठ्ठ्यावरही तशाच, खाली चार, उजवीकडे तीन. नकाशाची खालची बाजू म्हणजे दक्षिण, उजवी म्हणजे पूर्व.

या कुटुंबांच्या आणि मढ्यांच्या खाचा नव्हत्या. सरकारी मोजणीदार कोपऱ्याच्या दगडावर अशाच खाचा पाडतो. छत्तीस गटांचा एक पट, सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद. पटाच्या दक्षिण शिवेपासून दगड जितके मैल, तितक्या खाचा दक्षिणेला. पूर्व शिवेपासून जितके मैल, तितक्या पूर्वेला. हे तिला नवऱ्याने लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. नंतर कधी गरज पडली नाही, कारण तिने आयुष्यभर कागद वाचले, दगड नाही.

तिने मनात आकडे मांडले. गावातल्या प्रत्येक खरेदीखतात लिहिलेलं असे, गट नंबर एकवीस. एकवीस वरून चौथ्या ओळीत. म्हणजे त्याची वरची कड दक्षिण शिवेपासून तीन मैल. या दगडावर तीन खाचा हव्या होत्या. चार होत्या.

हा दगड एक मैल वर होता. गाव एक मैल वर होतं.

वर कोणता गट? सोळा.

 सोळा आणि छत्तीस हे दोन गट राज्याने शाळांसाठी राखून ठेवलेले. ते एझ्रा मॅबन विकूच शकत नव्हता. विनिपेगच्या त्या नकाशात मात्र एकवीस नेमका इथेच होता, खालून मोजला तर चौथ्या ओळीत. एझ्रा राणीच्या मुलखात मोजायला शिकला, तिथल्यासारखाच खालून मोजत इथे आला, आणि चुकीच्या चौकोनावर हात ठेवून म्हणाला, इथे. गावाच्या दक्षिणेला ज्याला सगळे शाळेचं कुरण म्हणत आणि जिथे गाई चरत, तोच खरा एकवीस होता.

म्हणजे ही कचेरी, चर्च, लोहाराचा भाता, तिच्या दोन खोल्या, सगळं परक्याच्या जमिनीवर. आणि सत्तावीस वर्षं प्रत्येक उताऱ्याखाली तिने सही करून लिहिलं होतं, *निर्दोष*.

टटलला कोणी मारलं असेल? तिने मान वर करून चौकाकडे पाहिलं. ज्याच्या डोक्यावर छप्पर होतं त्या प्रत्येकाकडे कारण होतं. तिच्याकडेसुद्धा.

घड्याळाने दोनचे ठोके दिले.

६

घाबरलेल्या माणसाला विचार करायचा असेल तर त्याने आपल्या रोजच्या खुर्चीत बसावं. थोरा आपल्या खुर्चीत बसली.

ज्याला हे कळलं होतं, त्याने काय केलं असतं? जजसाहेबांना कळलं असतं तर त्यांनी या जमिनीवर दगडी घर बांधलं नसतं. फेल्प्सला कळलं असतं तर एव्हाना छापून वाटून झालं असतं. ज्याला कळलं त्याने एकच गोष्ट केली असती, आणि ती करताना तो तिच्याच दारात आला असता. उतारा मागायला.

तिने उन्हाळ्यापासूनचं बाड काढलं. ऑगस्ट, सप्टेंबर. एकाच माणसाने गावातलं राहतं घर आणि तीन मोकळे प्लॉट विकले होते, आणि गावाबाहेर, गट नऊमध्ये, शेत घेतलं होतं. तिला तो दिवस आठवला. त्याने टोपीही काढली नव्हती. "बायकोला कोंबड्या पाळायच्यात," तो म्हणाला होता, "गावात जागा पुरत नाही."

त्याचं घर विकत घेतलं होतं विगोने, मळणीवर घालवलेल्या वीस वर्षांच्या बदल्यात.

तिने शाल घेतली आणि दाणेवाल्याच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या टांग्याकडे गेली. टांग्यात शेरीफची बायको लॉटी क्रॅब एकटीच बसली होती. चौकाकडे तिची पाठ होती.

"कोंबड्या कशा आहेत, लॉटी?"

"कुठल्या कोंबड्या?" लॉटी म्हणाली. "पिसं नुसती उडाली तरी माझा श्वास अडकतो. माझ्या उशीत कापूस आहे, अख्ख्या गावाला माहितीये." ती थांबली. तिच्या लक्षात आलं की हा साधा प्रश्न नव्हता. "त्याने तुम्हाला कोंबड्या सांगितल्या?"

"तुम्हाला काय सांगितलं?"

"काहीच नाही. त्या घराला मी स्वतः कागद चिकटवला होता, निळ्या फुलांचा. म्हणाला, आवर." तिने लगाम बोटांना गुंडाळला. "तुमच्या भावाने तो कागद अजून ठेवलाय का हो?"

"ठेवलाय."

लॉटी रडू लागली. थोरा म्हणाली, "चार वाजता त्याला त्या ओढ्यावरून नेणार आहेत. शनिवारी ओटिस घरी आला तेव्हा तुम्ही काय पाहिलंत, ते मला नका सांगू. विचारेन तेव्हा चौकात सांगा."

७

पावणेचारला विगोला हात बांधून बाहेर आणलं. गर्दी आवाज न करता दोन्ही बाजूंनी सरकली आणि गाडीच्या मागे मिटली.

थोरा दगडावर चढली. या दगडावर कोणी पाय ठेवत नसे. त्यामुळे सगळे वळले.

"मिस्टर स्प्रिग," ती म्हणाली, "तुम्ही इकडे या."

मॉर्टन स्प्रिग लाकडी फर्निचर आणि शवपेट्या विकत असे, आणि काउंटीचा कॉरोनर, म्हणजे अपमृत्यूंची चौकशी करणारा अंमलदार, होता, कारण निवडणुकीत दुसरं कोणी उभं राहिलं नव्हतं. मृत्यूच्या दाखल्यावर सही करण्यापलीकडे त्याने कधी काही केलं नव्हतं. तो पुढे आला आणि जज मॅबनच्या मागे उभा राहिला.

मग थोराने सांगितलं. साध्या शब्दांत, गिऱ्हाइकाला खोट दाखवावी तसं. दगड काय, खाचा काय, एकवीस कुठे आणि सोळा कुठे. तिचा आवाज कापत होता, पण आकडे कापत नव्हते. ती बोलत गेली तशी माणसं एकेक करून आपल्या पायांखाली बघायला लागली. कोणीतरी एक पाऊल मागे घेतलं, जणू तिथली जमीन कमी परकी होती.

"ही बाई भावाला सोडवायला गाव बुडवतेय," शेरीफ मोठ्याने म्हणाला.

"हो," थोरा म्हणाली. "माझं घरही त्यातच आहे. टटलने हे जुलैमध्ये शोधलं आणि कायद्याच्या माणसाला विश्वासाने सांगितलं. त्या माणसाने मतदानापर्यंत गप्प राहा म्हटलं, आणि तेवढ्या वेळात या जमिनीवरचं आपलं सगळं विकून टाकलं. शेजाऱ्यांनाच. ते दस्त नोंदवायला टटलच्याच टेबलावर आले, म्हणून त्याला कळलं. त्याने शनिवारची मुदत दिली. शनिवारी बँड वाजत असताना कोणीतरी कोठडीचं दार लोटून बाहेरची मूठ वळवली आणि खुंटीवरची टोपी उचलली. टोपी नाही म्हणून माझ्या भावाने रोजच्यासारखी चकती फिरवली. टटलने नाव लिहिलं नाही, कारण तो नसताना कुलपाचा आकडा कोणापाशी असतो आणि दार कोण उघडणार, हे त्याला माहीत होतं. त्याने खाचा पाडल्या. उघडणाऱ्याला त्या वाचता येणार नाहीत, एवढी त्याची खात्री होती."

"ओटिस," जज मॅबन सावकाश म्हणाले, "तू ऑगस्टमध्ये घर का विकलंस?"

"सांगितलं ना. बायकोला कोंबड्या—"

चौकाच्या कडेला टांग्यात लॉटी उभी राहिली होती. "शनिवारी तो दोन टोप्या घेऊन घरी आला," ती म्हणाली. "एक डोक्यावर. एक कोटात. बरोबर मोजणीचं एक जुनं बुक होतं, ते सरपणाखाली आहे."

शेरीफचा हात कमरेकडे गेला. त्या क्षणी चौकात शंभर माणसं होती आणि एकही हलला नाही. काउंटीत शेरीफला पकडायचा अधिकार एकाच माणसाला असतो, कॉरोनरला, आणि हे बहुधा त्या चौकात फक्त तिघांना माहीत होतं. त्यातला एक स्वतः स्प्रिग होता. तो जजच्या मागून बाहेर आला.

"मिसेस राव्हन," तो विचारता झाला, "आणि माझं दुकान?"

थोराला खोटं बोलता आलं असतं. "तेही शाळेच्या जमिनीवर आहे, मॉर्टन."

स्प्रिगने एकदा आपल्या दुकानाकडे पाहिलं. मग चालत जाऊन त्याने शेरीफच्या मनगटावर हात ठेवला, आपल्या दुकानातल्या टेबलावर गिऱ्हाइकासमोर ठेवायचा तसा, हलकेच. "चल, ओटिस," तो म्हणाला. "मी आतापर्यंत फक्त न हलणारी माणसंच नेली आहेत. उगाच अवघड करू नकोस."

क्रॅबने गर्दीकडे पाहिलं. सकाळपासून ज्या नजरा त्याने तळघराच्या खिडकीवर रोखून ठेवल्या होत्या, त्या आता सगळ्या त्याच्यावर होत्या. त्याने हात वर केले.

८

विगोचे हात लोहाराने सोडले. कोणी माफी मागितली नाही. माणसं जागच्या जागी उभीच होती. भीती गेली नव्हती, फक्त तिने जागा बदलली होती.

"आता आमची खरेदीखतं काय, जाळायची?" जज मॅबननी विचारलं. त्यांची छाती प्रथमच आत गेली होती.

"खतात काय लिहिलंय?" थोराने विचारलं. दिवसातून वीसदा विचारायची, तसंच, सवयीने.

"गट एकवीस. प्लॉट अमुक, प्लॉट तमुक."

"आणि तुमच्या वडिलांनी जमीन-कचेरीत कुठला गट नोंदवला होता?"

"एकवीस."

"मग गट एकवीसात तुमचा..." ती बोलता बोलता थांबली. दगडावरून खाली उतरली आणि दक्षिणेला, गाई चरत होत्या तिकडे पाहत राहिली. तिच्या सह्या. सत्तावीस वर्षांच्या. "प्लॉट आहे. सगळ्यांचे आहेत. त्या कुरणात. कागद बरोबर आहेत, जज. गाव चुकलंय."

सगळ्यांची तोंडं कुरणाकडे वळली. मग लोहार म्हणाला, "एक मैल. सपाट आहे." आणि दाणेवाला म्हणाला, "जमीन गोठल्यावर ओंडक्यांवर सरकतील घरं. माझं बारा बैलांत जाईल."

स्प्रिगच्या शेजारी उभ्या असलेल्या क्रॅबने हे ऐकलं. त्याने थोराकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा भीती दिसली, कारण आता त्याला कळत होतं.

"हो," थोरा त्याला म्हणाली. "ऑगस्टमध्ये आला होतास ना, तेव्हाच विचारायचंस. मी सांगितलं असतं. काहीच बुडत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मतदान झालं आणि ठाणं मॅबनमध्येच राहिलं, सात मतांनी. मॅबन कुठे, हे मतपत्रिकेवर लिहिलेलं नव्हतं. जानेवारीत घरं निघाली. एकामागून एक, धुराड्यांसकट, ओंडक्यांवरून करकरत. विगोच्या घरात निळ्या फुलांचा कागद होता. तो दोन ठिकाणी फाटला, आणि लॉटी क्रॅबने येऊन चिकटवून दिला. जजसाहेबांचं दगडी घर मात्र हललं नाही. त्यात आता शाळा भरते.

विटांची कोठडीही हलवता आली नाही. दप्तरं नेली, आणि ती गवतात एकटीच राहिली, त्या दगडाशेजारी. तिचं दार काढायला दोघे गेले होते, ते आतला खरवडलेला रंग पाहून तसेच परत आले. विगो गेला. त्याने दार सताड उघडलं, बिजागरीत लाकडाची पाचर ठोकली, आणि कान लावून बराच वेळ उभा राहिला.